शेपटाकडचा दोर

हैदराबादेत बसून समुद्रकाठच्या लोकांचं भलं करायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. नारायणगुड्याला, शाळेचे युनिफॉर्म विकणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या कोचिंग क्लासची पाटी दिसते आणि विजेच्या तारांचं जंजाळ. सगळ्यात जवळचं मोठं पाणी म्हणजे हुसेनसागर, आणि त्याच्या बाजूने जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात. पण लहान लहान गावांत, जुन्या पद्धतीने मासेमारी करणाऱ्यांसाठी योजना आखायच्या, बर्फाच्या पेट्या, वाळवणाच्या जाळ्या, असलं काय काय पाठवायचं, ते सगळं इथूनच चालतं. आधी फक्त आंध्रचा किनारा होता. मग कोकणातली काही गावं आली, आणि तिथल्या लोकांशी फोनवर बोलायला मराठी येणारं कुणीतरी हवं झालं. तशी माझी वर्णी लागली.

मी जन्माने काचीगुड्याची, लग्न करूनही काचीगुड्यातच राहिलेली. शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले. घरात पिढ्यानपिढ्या कुणी मासा खाल्लेला नाही. बांगडा आणि तारली यातला फरक मला आजही फोटो बघूनच सांगता येतो, तोही खात्रीने नाही. अशा बाईने कोळणींना सुकवलेल्या मासळीबद्दल समजावून सांगायचं. ज्यांनी मला तिथे चिकटवलं ते आमच्या ह्यांचे ऑफिसातले जुने मित्र. हे गेल्यावर ते भेटायला आले आणि म्हणाले, वहिनी, घरी बसून काय करणार. मी म्हटलं, हौ, काहीच नाही करणार. तेवढ्यावर नोकरी लागली.

हे गेल्यापासून मला काही वाटेनासं झालं होतं. सुरुवातीला रडू आलं, मग तेही थांबलं. ताट पुढे आलं की जेवायची, नाही आलं तर आठवणही व्हायची नाही. कुणी चांगलं बोलो, वाईट बोलो, सगळं सारखंच. लोकांना वाटायचं मी धीराची आहे. कसला धीर न काय, आत कुणी घरातच नव्हतं. त्या दिवसांबद्दल लिहायला बसले तरी हाताला काही लागत नाही.

मुलगा-सून गच्चीबौलीचा फ्लॅट सोडून माझ्याकडे राहायला आले. सून पुण्याची, कॉम्प्युटरवाली, घरूनच काम करते. मुलगी मनाने फार चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, सासू टोमणे मारतेय. तिने आल्या आल्या माझ्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. भाजी मी चिरायला घेतली की, आई, तुम्ही बसा. कपडे वाळत घालायला गेले की, आई, मी करते ना. भांड्यांना मशीन आलं, कणीक मळायला मशीन आलं, मिक्सर तर आधीपासून होताच, आता त्याच्याहून दांडगा आला. माझा पाटा-वरवंटा गॅलरीत गेला आणि त्यावर तुळशीची कुंडी बसली. ती बसा म्हणाली की मी बसायची. भांडायला अंगात राग लागतो, तो माझ्याजवळ एरवी भरपूर असायचा, पण त्या वर्षी तोही कुठेतरी निघून गेला होता.

तर फोन. सिंधुदुर्गातल्या एका गावात आमची रापणीची योजना होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते पाण्यात अर्धगोल टाकत जातात, दोन्ही टोकांचे दोर काठावर आणतात, आणि मग वाळूत उभं राहून गाव ते ओढतं. बायका, बाप्ये, म्हातारे, सगळे. मासळी आली की वाटे पडतात. नियम एकच, दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा.

तिथल्या मासळी सुकवणाऱ्या बायकांची पुढारी म्हणजे एक म्हातारी, जिला मी मावशी म्हणायची. नवरा फार पूर्वी समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही, घरात एकटी. आमच्या योजनेचं काही विचारायचं असलं की मी तिला फोन लावायची. पहिल्याच फोनला तिने मला विचारलं, "मासे खात नाय? मगे खातंस काय गो बाय, गवत?" मी म्हटलं, हो, आणि वरून तूप. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसले की नाही ते आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी काही काम नसताना मी पुन्हा फोन लावला, एवढं खरं.

मावशीला दोर ओढायची ताकद राहिलेली नव्हती. गुडघे गेलेले, खांदा वर होत नव्हता. पण रापण लागली की ती जायचीच. दोर पुढे ओढला जातो तसा मागे वाळूत साचत जातो, त्या मागच्या भागाला ते लोक शेपूट म्हणतात. तिथे जोर लावावा लागत नाही. म्हातारी माणसं तिथे उभी राहतात, दोर हातात धरतात, जमेल तसा गुंडाळतात. ते ओढत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि कुणी तोंडाने म्हणत नाही. वाटे पडताना तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, सगळ्यांसारखाच त्यांनाही हाक मारतो. मावशी मला फोनवर सांगायची, "आज कंबार मोडली ओढून ओढून." मीही म्हणायची, मावशी, जरा जपून.

मग आमच्या ऑफिसच्या साहेबांनी व्हिडिओ पाहिला. साहेब स्वतः इंजिनिअर, विजयवाड्याकडचे, मनाने सरळ. रापण ओढतानाचा तो व्हिडिओ तांडेलानेच हौसेने पाठवला होता. साहेबांनी तो भिंतीवर मोठा करून लावला, दोराच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "मॅडम, इनों तो खाली पकड के खडे हैं, खींचरे नहीं." खोलीत सगळे हसले. भिंतीवर मावशी उभी होती, लुगड्याचा काष्टा मारून, दोन्ही हातांनी दोर धरून. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, तांडेलाने व्हिडिओखाली कोण कुठे ते लिहिलं होतं म्हणून ओळखलं. आवाजावरून मला वाटली होती त्याच्या निम्मी होती.

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. गावातली तरणी पोरं गोव्याला नाहीतर मुंबईला गेलेली, उरलेल्यांची पाठ कामातून जाते, माणसं कमी पडली म्हणून कितीदा रापण लागतच नाही. असंच चाललं तर रापण बंद पडणार. तेव्हा दोर ओढायला इंजिनाचा रहाट द्यायचा. लोखंडी सांगाड्यावर मोठं चाक, त्यावर दोर गुंडाळत येतो. मी तांडेलाला फोन लावून सांगितलं, तो खूश. मावशीला सांगितलं, तीही खूश. "व्हयाच गो यंत्र. पोरांच्या कंबरेचो काटो ढिलो झालो," म्हणाली. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर आमच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्यांचा यंत्राला विरोध होता. काहीतरीच. यंत्र तिनेच नारळ फोडून घेतलं.

दोर चाकावर गुंडाळला जाऊ लागला आणि शेपूट संपलं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती, माझ्याही नाही. सगळा दोर चाकावरच. शिवाय साहेबांनी सक्त ताकीद दिलेली, यंत्र चालू असताना दोराजवळ कुणी उभं राहायचं नाही, दोर तुटला तर माणूस कापला जाईल. हेही बरोबरच होतं. पहिल्या दिवशी मावशी सवयीने उठून किनाऱ्यावर गेली. पोरांनी तिला वर सावलीत बसवलं. "मावशे, तू बस, तुझो वाटो घरी पोचता करतंव." आणि खरंच केला. चांगले टपोरे बांगडे, टोपलीतून, घरपोच.

मावशीने टोपली परत पाठवली.

दुसऱ्या खेपेलाही परत. मग पोरं दारात ठेवून पळायला लागली, तर तिने मांजरांना घातले. मला हे तांडेलाने सांगितलं, जरा रागानेच. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाला, एवढं करतंव तरी. मी मावशीला फोन लावला. म्हटलं, मावशी, वाटा का घेत नाही, खाणार काय मग. ती म्हणाली, "दोराक हात लावूक नाय तर वाटो कसलो? मी काय भिकारीण आसंय?"

मी म्हटलं, अहो पण सगळ्यांना तुमचं बरं व्हावं असंच वाटतं. ती म्हणाली, "तांच तर," आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती माझे फोन उचलेना. उचलला तर होय, नाय, बरा. मासळी सुकवायला जाईना, बायकांच्या बैठकीला जाईना. शेजारीण कधी पेज नेऊन द्यायची ती घ्यायची, कारण शेजारणीचं पोर तिने सांभाळलं होतं, ते चालायचं तिला. पण तेवढ्यावर माणूस किती दिवस काढणार. तांडेल म्हणाला, वाळत चाललीय. मला आठवतं, ते ऐकल्यावर मी ऑफिसातून चालत घरी निघाले, रिक्षा केलीच नाही, आणि काचीगुडा स्टेशनाशी आल्यावर लक्षात आलं की मला राग आलाय. चक्क राग. कुणाचा ते कळेना. साहेबांचा म्हणावा तर तो बिचारा रात्रंदिवस त्या लोकांसाठीच राबतो. पोरांचा म्हणावा तर ती टोपली भरून मासे देतायत. घरी पोचले तर सुनेने दार उघडलं, हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, आई, दमलात, तुम्ही बसा. मी बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी तोंड उघडलं. म्हटलं, यंत्र मधेच थांबवा, शेवटचा दोर हाताने ओढू दे त्यांना. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हिस्सा तर मिळतोय ना तिला, मग तकलीफ काय आहे. मला समजावता येईना. मी शिकवलेली पोरं आज वकील आहेत, आणि मला दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत. म्हटलं, सर, तकलीफ हीच आहे. ते म्हणाले, मॅडम, चहा घ्या.

मग मी तांडेलाला सांगून पाहिलं. त्याने माझं ऐकलं, एकदा यंत्र बंद केलं, आणि मावशीला बोलवायला माणूस पाठवला. ती आली नाही. तिने निरोप पाठवला, माझ्यासाठी थांबवू नका. झालं. चांगलं करायला गेलो आणि होतं तेही घालवलं. आधी सगळे मिळून गप्प होते म्हणून चाललं होतं. आता तिच्यासाठी म्हणून चाक थांबवलं म्हणजे गावासमोर ओरडून सांगितल्यासारखंच झालं. तांडेल फोनवर म्हणाला, "आता काय करतलास, बाई?" मी म्हटलं, मला नाही माहीत. खरंच माहीत नव्हतं. मी पुन्हा आपली होते तशी झाले. सकाळी ऑफिस, संध्याकाळी घर, समोर येईल ते ताट.

थंडी संपता संपता रहाटाच्या तक्रारी यायला लागल्या. इंजिन बंद पडतं. सुरुवातीला व्यवस्थित चालतं, दोर अर्ध्यावर आला की बंद. साहेब हैराण. त्यांनी तालुक्याच्या गावातून मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकने दिवसभर चालवून पाहिलं, एकदाही बंद पडलं नाही. तो परत गेला आणि पुढच्या रापणीला पुन्हा बंद. साहेबांनी मला समोर बसवून फोन लावायला सांगितला आणि एकेक प्रश्न मराठीत विचारायला लावला. डिझेलमध्ये पाणी गेलं का. नाय. गाळणी साफ केली का. केली. मग होतंय काय.

"दर्याची खारी हवा, बाई. गंज धरता," तांडेल म्हणाला.

"मग मेकॅनिक होता तेव्हा कसं चाललं?"

"त्याका भियालां आसतलां."

मी साहेबांना सांगितलं, गंज म्हणतायत. साहेबांनी डोकं धरलं. म्हणाले, विचारा, बंद पडल्यावर काय करतात. मी विचारलं.

"काय करतलंव? हाक मारतंव सगळ्यांका. बायका, म्हातारी, जां कोण आसा तां धावता. हातानच ओढूक लागता मगे. जाळां तर पाण्यात सोडूक येणा नाय."

मग मी साहेबांनी न सांगितलेला एक प्रश्न विचारला. "मावशी येते?"

"येता तर. पयल्यांदा हाक मारली तेवा सगळ्यांच्या आधी इली. शेपटाक धरून उभी रवली. वाटोय घेवन गेली." मग म्हणाला, "बाई, साहेबांका सांगा, गंजच आसा."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सर, गंजच आहे. त्यांनी यंत्रावर घालायला जाड ताडपत्री मागवली आणि काहीतरी तेल. मी स्वतः पार्सल बांधलं.

त्या संध्याकाळी मावशीचा फोन आपण होऊन आला. "तुमच्या इंजिनाचा काय खरा नाय गो बाय. आमचे हात होते म्हणान निभावला," म्हणाली. कंबर मोडली ओढून ओढून, हेही म्हणाली. मी म्हटलं, मावशी, जरा जपून. त्या गंजाचं तिला माहीत होतं का? तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती हसत होती का, तेही फोनवरून कळलं नाही, किनाऱ्यावर वारा फार होता.

जेवताना मी ही गोष्ट घरी सांगितली. का सांगितली कोण जाणे. मुलगा फोनमध्ये बघत हं हं करत होता. सून ताटातला हात थांबवून ऐकत होती. शेपूट म्हणजे काय ते तिने दोनदा विचारून घेतलं. टोपली परत पाठवल्याचं सांगत होते तेव्हा ती म्हणाली, पण का, मासे तर मिळत होते ना. मी म्हटलं, तू आणि माझे साहेब एकाच शाळेत होतात वाटतं. मुलाने फोनमधून मान वर काढली. आई टोमणा मारतेय, म्हणाला, बऱ्याच दिवसांनी. मग आम्ही उठलो, तिने भांडी मशीनला लावली, मी हात पुसून गॅलरीत बसले.

पुढच्या रविवारी सुनेने बाजारातून अंबाडी आणली, म्हणजे इथला गोंगुरा. इतकी वर्षं इथे राहून तो तिला कधी जमला नव्हता, नेहमी दुकानातली बाटली यायची. पानं निवडून, परतून ठेवली, लाल मिरच्या भाजल्या. मी सोफ्यावर, माझ्या नेहमीच्या जागी. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, ओढणीला हात पुसत.

"आई, मिक्सर बंद पडला."

मी म्हटलं, नवाच तर आहे.

"हो ना. आवाजच करत नाहीये." ती माझ्याकडे बघत नव्हती, पंख्याकडे बघत होती. "एवढं सगळं भाजून ठेवलंय. तुम्ही... पाट्यावर जमेल का?"

मी उठले. तुळशीची कुंडी तिने उचलून बाजूला ठेवली, पाटा आम्ही दोघींनी मिळून आत आणला, मी तो धुतला. कितीतरी दिवसांनी वरवंटा हातात घेतला तर हात भरून आला, खांद्यात कळ गेली. मीठ, मिरची, लसूण आधी, मग पानं. सून समोर मांडी घालून बसली आणि मधे मधे पाणी शिंपडू लागली. जास्त पाणी नको म्हणून मी तिच्यावर खेकसले. ती बरं म्हणाली. नंतर तिचा फोन वाजला आणि ती आतल्या खोलीत गेली.

वाटण झाल्यावर मी ओटा पुसायला घेतला. पुसताना कोपऱ्यातला मिक्सर थोडा सरकवला आणि सवयीने, खरंच सवयीने, बटणाला हात गेला. तो घर्रकन सुरू झाला. रिकाम्या भांड्याचा केवढा तो आवाज. मी झटकन बंद केला.

आतल्या खोलीतलं फोनवरचं बोलणं थांबलं होतं. माझ्या बोटांना मिरचीची आग होत होती, आणि ती मला चांगली कळत होती.

"आई," सूनबाईंचा आवाज आला, अगदी हळू, "चालू झाला का?"

"नाही गं," मी म्हटलं. "बिघडलाय तो."